कमी वजनाचं बाळ, टाचेच्या रक्ताची चाचणी आणि दुसरं सॅम्पल

केतकीबन

ज्यांच्या घरी बाळ अडीच किलोच्या खालचं आहे किंवा दिवस भरायच्या आधी आलंय त्यांच्यासाठी मुद्दाम हा धागा काढतेय. जन्मानंतर टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन जी चाचणी करतात, कुणी एनबीएस म्हणजे न्यूबॉर्न स्क्रीनिंग म्हणतं कुणी नुसतं थायरॉईडची टेस्ट, ती अशा बाळांची एकदा नॉर्मल आली म्हणून विषय संपत नाही. दोन ते चार आठवड्यांत पुन्हा करावी लागते. हे कितीतरी आईबापांना कुणी सांगतच नाही.

आमचा मुलगा ३४ व्या आठवड्यात झाला, वजन १ किलो ८४०. पहिल्या सॅम्पलला टीएसएच (थायरॉईड ग्रंथीला काम करायला सांगणारं हार्मोन, थायरॉईड कमी पडलं की हे वाढतं) अगदी नॉर्मल, डिस्चार्जच्या फाइलमध्ये रिपोर्ट लावून दिला आणि घरी आलो. जिथे जन्म झाला तिथे दुसऱ्या सॅम्पलचा शब्दही कुणी काढला नाही. नंतर वजन बघायला घराजवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, थायरॉईड परत केलं का? केलं तर टीएसएच खूप वर गेलेलं, मग शिरेतून रक्त घेतलं त्यात टी४, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन, ते पण कमी. त्याच दिवशी थायरॉईडची गोळी सुरू झाली. आता तो छान आहे, वळतो, हसतो, आवाजाकडे बघतो.

पण त्या आधीच्या दिवसांत घरी सगळे काय म्हणत होते माहितीये, किती गुणी बाळ आहे, रडत नाही, झोपून असतं, दूध पिऊन परत झोपतं. कावीळ रेंगाळली होती ती कमी दिवसांचं बाळ म्हणून असणार असं सगळ्यांनी धरलं होतं. थायरॉईड कमी असलेल्या बाळाचं हेच तर लक्षण असतं, शांत, झोपाळू, बद्धकोष्ठ, घोगरा रडण्याचा आवाज, लांबलेली कावीळ. आणि बहुतेक बाळांमध्ये पहिल्या आठवड्यांत एवढंही दिसत नाही.

मला दोन गोष्टी इथल्या जाणकारांकडून नीट समजून घ्यायच्यात. एक म्हणजे वजनाचा आणि या चाचणीचा नेमका संबंध काय. आणि दुसरं, कमी वजनाच्या बाळांना मोठेपणी डायबिटीस वगैरे होतो असं जे म्हणतात त्यात तथ्य किती, आणि मग आत्ता काय करायचं.

कोकणकन्या२३

ताई बाळ बरं आहे हे वाचून बरं वाटलं. माझ्या वहिनीला जुळी होणारेत आणि डॉक्टर म्हणालेत की लवकर होतील, त्यामुळे हा धागा आमच्यासाठीच आहे असं समजते. एक विचारते, एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, तर रोज टाच टोचतात ना बाळाची? मग त्यातच ही टेस्ट होऊन जात नाही का?

बालडॉक_सातारा

कोकणकन्या, हा गैरसमज फार लोकांचा असतो, विचारलंत ते बरं केलंत. एनआयसीयूत वारंवार टाच टोचतात ती साखर बघायला. कमी वजनाच्या बाळाच्या यकृतात साखरेचा साठा अगदी थोडा असतो, अंगावर चरबी नसते, त्यामुळे दूध थोडं उशिरा मिळालं तरी साखर खाली येते आणि मेंदूला त्याचा धोका असतो, म्हणून पहिले दोन-तीन दिवस ग्लुकोमीटरवर पुन्हा पुन्हा बघतात. स्क्रीनिंगचं रक्त वेगळं, ते जाड फिल्टर पेपरच्या कार्डावर गोल छापलेले असतात त्यात घेतात. तेव्हा टाचेवर टोचल्याच्या खुणा बघून स्क्रीनिंग झालं असं धरू नका, कार्ड पाठवलं का आणि रिपोर्ट कुठे आहे हे स्पष्ट विचारा.

आता केतकीताईंचा पहिला प्रश्न. बाळ आईच्या पोटातून बाहेर आलं, थंड हवा लागली, की अर्ध्या तासात मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एकदम भरपूर टीएसएच सोडते, ६०-७०-८० पर्यंत आकडा जातो, आणि मग पुढच्या दोनेक दिवसांत तो उतरतो. म्हणून सॅम्पल ४८ तासांनंतर घ्यायचं, ४८ ते ७२ तास ही उत्तम वेळ. पहिल्या दिवशीच घेतलं तर धडधाकट बाळाचाही आकडा जास्त दिसतो आणि आईबाप उगाच घाबरतात. जिथे बाळंतीण दुसऱ्याच दिवशी घरी जाते तिथे नाळेतलं रक्त घेणं हा चांगला पर्याय, कारण ते उसळी यायच्या आधीचं असतं.

कमी दिवसांच्या बाळात मात्र उलटा घोळ होतो. थायरॉईड कमी पडतंय हे ओळखून टीएसएच वाढवायचं काम ज्या यंत्रणेचं, ती यंत्रणाच अजून कच्ची असते. ग्रंथी नीट काम करत नाहीये पण वरून ओरडणाराच कुणी नाही, त्यामुळे टीएसएच नॉर्मल. दोन-तीन आठवड्यांनी यंत्रणा जागी होते आणि मग आकडा वर जातो. ताईंच्या बाळाचं हेच झालं. त्यात अशा बाळांना रक्तदाब सांभाळायला डोपामिन किंवा स्टेरॉइड दिलेलं असलं तर त्यानेही टीएसएच दबतं. बीटाडिनसारखं आयोडीनचं औषध नाजूक कातडीवर लावलं तर ते आत शोषलं जातं आणि काही दिवस थायरॉईड मंदावू शकतं. म्हणून भारतातल्या बालहार्मोन तज्ज्ञांच्या संघटनेचीच शिफारस आहे की कमी दिवसांचं, कमी वजनाचं किंवा आजारी बाळ असेल तर पहिलं सॅम्पल वेळेवर घ्याच, शिवाय २ ते ४ आठवड्यांच्या दरम्यान दुसरं घ्या.

जुळ्यांचं विशेष म्हणजे, एकसारखी जुळी असतील तर पोटात दोघांचं रक्त एकमेकांत मिसळू शकतं. एकाचं थायरॉईड बिघडलेलं असलं तरी दुसऱ्याच्या हार्मोनमुळे ते सुरुवातीला झाकलं जातं. म्हणून तुमच्या वहिनींच्या दोन्ही बाळांचं दुसरं सॅम्पल घ्या, एकाचंच नको.

हा आजार काही लाखात एक नाही हो. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता इथे मिळून एक लाखाहून जास्त नवजात बाळं तपासली त्यात साधारण ११३० बाळांमागे एकाला निघाला. आणि उपचार काय, तर रोज एक छोटी गोळी. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर मूल इतरांसारखंच शिकतं सवरतं. महिनोन्महिने राहून गेली तर बुद्धीचं नुकसान होतं आणि ते नंतर कितीही औषध दिलं तरी भरून निघत नाही. माझ्या ओपीडीत दोन्ही प्रकारची मुलं येतात म्हणून एवढं पोटतिडकीनं लिहितोय.

थेंबमोजणी

मी ही कार्डं तपासणाऱ्या एका लॅबमध्ये काम करतो, मास स्पेक्ट्रोमीटर या रक्तातले रेणू मोजणाऱ्या मशीनवर. डॉक्टरांनी थायरॉईडचं सांगितलं, मी बाकीचं सांगतो.

कार्डावरचा वजनाचा आणि आठवड्यांचा रकाना कृपया रिकामा सोडू नका, सिस्टर घाईत असतात, वजन लिहिलेलं नसतं, कधी ग्रॅमचं किलो होतं. तुम्हाला वाटेल वजनाशी रक्ताचं काय. तर १७ ओएचपी नावाचा एक घटक आम्ही मोजतो, तो सीएएच या ॲड्रिनल ग्रंथीच्या आजारासाठी असतो. कमी वजनाच्या बाळांची ॲड्रिनल ग्रंथी अजून पिकलेली नसते आणि जिवावर ताण असतो, त्यामुळे आजार नसतानाही हा घटक त्यांच्यात जास्त असतो. म्हणून आमच्याकडे कट-ऑफ, म्हणजे ज्याच्या वर धोका धरायचा तो आकडा, वजनाप्रमाणे किंवा आठवड्यांप्रमाणे वेगवेगळे असतात. तीन किलोच्या बाळासाठी जो आकडा धोक्याचा तोच सव्वा किलोच्या बाळासाठी नेहमीचा असू शकतो. वजन लिहिलेलं नसेल तर मी कुठल्या पट्टीने मोजू? आणि सीएएच लपून राहिला तर दुसऱ्या आठवड्यात बाळाच्या अंगातलं मीठ निघून जातं, उलट्या, सुस्ती, आणि मुलगा असेल तर बाहेरून काहीच दिसत नसल्यामुळे जुलाब-उलटीचं बाळ समजून वेळ जातो. आयसीएमआरच्या त्याच कामात हा सुमारे ५७६२ मागे एक निघाला होता.

दुसरं, एनआयसीयूत सलाइनमधून अमिनो ॲसिड देत असतील तर आमच्या मशीनवर चार-पाच अमिनो ॲसिड एकदम वाढलेली दिसतात, ती आजारामुळे नसून बाटलीमुळे असतात. आणि रक्त चढवलं असेल तर जी६पीडी (लाल पेशींना जपणारं एन्झाइम), गॅलॅक्टोसेमिया (दुधातली साखर न पचवता येण्याचा आजार), हिमोग्लोबिन या सगळ्या तपासण्या देणाऱ्याचं रक्त दाखवतात. म्हणून शक्य असेल तर रक्त चढवायच्या आधी कार्ड भरून घ्यावं, आणि हे सगळं कार्डावर लिहावं.

या कागदाची गोष्ट मला फार आवडते म्हणून लिहितोच. १९३४ मध्ये नॉर्वेत एक आई आपल्या दोन मतिमंद मुलांना घेऊन दारोदार फिरत होती, मुलांच्या अंगाला एक चमत्कारिक वास येतो एवढंच ती सगळ्यांना सांगायची. आस्ब्यर्न फोलिंग नावाच्या डॉक्टरने ते मनावर घेतलं, लघवी तपासली आणि पीकेयू हा आजार सापडला, यात फिनाइलॲलनिन हे अमिनो ॲसिड शरीराला वापरता येत नाही आणि ते साठून मेंदूचं नुकसान होतं. १९५० च्या दशकात इंग्लंडात हॉर्स्ट बिकल यांनी दाखवलं की आहारातून फिनाइलॲलनिन कमी केलं तर फरक पडतो, पण आजार कळायचा तेव्हा उशीर झालेला असायचा. मग अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या आसपास ही युक्ती काढली, टाचेचा थेंब फिल्टर पेपरवर घ्यायचा, वाळवायचा आणि पोस्टाने पाठवायचा. त्यांचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता आणि बायकोच्या बहिणीच्या मुलीला पीकेयू होता. आज जगभर जी कार्डं भरतात त्यांना अजून गथ्री कार्डच म्हणतात.

आणि केतकीताई, वजन आणि चयापचय यांचा संबंध किती खोल आहे बघा. कॅनडात ऑन्टारिओमधल्या संशोधकांनी टाचेच्या याच थेंबातल्या रेणूंवरून बाळ किती आठवड्यांचं आहे याचा अंदाज बांधायची पद्धत काढली, आणि ती बांगलादेशातल्या बाळांवरही तपासून बघितली, कारण जिथे सोनोग्राफी झालेली नसते तिथे छोटं बाळ लवकर आलेलं आहे की पोटातच वाढ कमी झालीये हे कळत नाही. वजन सारखं असलं तरी या दोन बाळांचं रक्त वेगळं बोलतं.

जर्सीवाली_मेधा

इकडे अमेरिकेत २४ ते ४८ तासांतच पहिलं सॅम्पल घेतात कारण डिस्चार्जच लवकर होतो. आमचं बाळ एनआयसीयूत होतं तर नर्सने स्वतःच सांगितलं की कमी वजन आहे म्हणून ठरावीक दिवसांनी परत घेणार, आम्हाला काही विचारावं लागलं नाही. इंग्लंडमधल्या माझ्या नणंदेकडे पाचव्या दिवशी मिडवाइफ घरी येऊन घेऊन गेली. हे वाचून वाटतंय की आपल्याकडे आईबापांनाच पाठपुरावा करावा लागतो, तर ही माहिती जेवढ्या जणांपर्यंत जाईल तेवढी चांगली.

मांडवीकाठ

गोव्यात २००८ मध्ये सरकारी दवाखान्यांतल्या बाळांसाठी हा कार्यक्रम सुरू झाला होता, देशात राज्यभर असं करणारं आमचं राज्य पहिल्यांपैकी एक. माझ्या भाचीचं कार्ड तेव्हा सरकारी दवाखान्यातच फुकट भरलं होतं. करायचं ठरवलं तर सरकारी यंत्रणेतून हे होतं एवढंच सांगायचंय.

वैनगंगा

चंद्रपूर गडचिरोलीकडच्या वाचकांसाठी थोडं. आमच्याकडे या यादीत सिकलसेल, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, सगळ्यात वर पाहिजे. नवजात बाळात जुनी सोल्युबिलिटी टेस्ट चालत नाही कारण बाळाच्या रक्तात बहुतेक गर्भातलंच हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसीसारखी तपासणी लागते, तीसुद्धा टाचेच्या थेंबावर होते. लवकर कळलं तर पेनिसिलिन आणि न्यूमोकोकलची लस वेळेवर सुरू करता येते आणि पहिल्या वर्षांतली जीवघेणी इन्फेक्शन टळतात. २०२३ मध्ये केंद्राचं सिकलसेल मिशन सुरू झालंय, त्यामुळे आशाताईंना विचारा, लाजू नका. पश्चिमेकडची यादी जशीच्या तशी उचलायची गरज नाही, पीकेयू आपल्याकडे कमी दिसतो, पण थायरॉईड, सीएएच, जी६पीडी आणि आमच्या पट्ट्यात सिकलसेल, एवढं जरी प्रत्येक बाळाचं झालं तरी केवढी मुलं वाचतील.

बालडॉक_सातारा

वैनगंगा, अगदी पटलं. जी६पीडीवरून एक सांगून टाकतो. नवीन बाळासाठी घरातले जुने धुवट कपडे, दुपटी, आजीच्या पेटीतली गोधडी काढायची आपली पद्धत आहे, आणि त्या पेटीत डांबराच्या गोळ्या असतात. ज्या बाळात जी६पीडी कमी आहे त्याच्या लाल पेशी त्या वासानेसुद्धा फुटू शकतात आणि कावीळ एकदम भडकते. चाचणी झालेली असो वा नसो, डांबरगोळ्यांतले कपडे बाळाला घालू नका. बाळाचे कपडे कडुलिंबाचा पाला घालून ठेवा, उन्हात वाळवा.

सुमनआजी

मी सातवी शिकलेली आहे, नातवाकडून टाइप करून घेते आहे. तुम्ही सगळे शिकलेले लोक चांगलं लिहिता. माझा प्रश्न असा की बाळ बारीक झालं की आम्ही बायका त्याला बाळसं धरावं म्हणून जिवाचं रान करतो, तेलमालीश, शेक, आईला डिंकाचे लाडू, अळीव, बाळ सहा महिन्यांचं झालं की नाचणीचं सत्त्व, तूप. आता सून म्हणते की कमी वजनाच्या बाळाला लठ्ठ केलं तर मोठेपणी साखर होते. मग बारीकच ठेवायचं का लेकराला? मला हे काही पटत नाही.

आहारवेल

आजी, तुमचा प्रश्न या सगळ्या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. मी आहारशास्त्र शिकवते, जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या सुनेने ऐकलंय ते खोटं नाही, पण अर्धं आहे. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायरमध्ये १९११ पासून सुइणी आणि आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि वर्षाचं वजन वहीत लिहून ठेवायच्या. त्या वह्या डेव्हिड बार्कर या संशोधक डॉक्टरांच्या हाती लागल्या, त्यांनी त्यातली बाळं म्हातारी झाल्यावर शोधून काढली. तेव्हा दिसलं की ज्यांचं वजन जन्माला आणि वर्षाला कमी होतं त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जास्त होतं, पुढे डायबिटीसचंही तसंच दिसलं. १९९२ मध्ये हेल्स आणि बार्कर यांनी त्याचं कारण मांडलं. पोटात अन्न कमी पडलं की बाळ काटकसर करतं, मेंदूला पहिलं देतं आणि स्वादुपिंड, मूत्रपिंड, स्नायू यांच्या वाट्याचं कमी करतं. हे अवयव पुढेही थोडे तोकडेच राहतात. असं मूल पुढे साध्या जेवणावर राहिलं तर निभावतं, पण भरपूर खाणं आणि बसून काम असं झालं की ते तोकडं यंत्र दमतं.

आणि आता आपल्या मातीतलं काम. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची गरोदर राहायच्याही आधीपासून नोंद ठेवली. त्यांची बाळं जन्माला आली तेव्हा सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधल्या बाळांचं साडेतीन. सगळी मापं घेतली तर पोट बारीक, दंड बारीक, म्हणजे स्नायू आणि आतले अवयव कमी, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला हडकुळं आणि आतून मेदाळ. नाळेच्या रक्तातलं इन्सुलिनही वजनाच्या मानाने जास्त होतं. म्हणजे आपल्या बाळांत डायबिटीसची तयारी जन्माच्याच वेळी दिसते, आणि ती बाळं दिसायला मात्र बारीक असतात. त्याच अभ्यासात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांत बी१२ कमी होतं. आईचं बी१२ कमी आणि फोलेट (फॉलिक ॲसिड) जास्त असेल तर तिच्या मुलात सहाव्या वर्षीच इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची लक्षणं जास्त होती, हे २००८ मध्ये छापून आलं.

अजून एक गोष्ट त्याच गावांतून आली ती मला कायम आठवते, आघारकर संस्थेच्या शोभा राव यांनी बघितलं की ज्या बायका गरोदरपणात शेतातलं, पाणी वाहून आणण्याचं जड काम जास्त करत होत्या त्यांची बाळं लहान होती, आणि ज्या हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं जरा मोठी. हे वाचल्यावर बाळाच्या वजनासाठी नुसतं आईला दोष देणं मी बंद करायला सांगते सगळ्यांना. हंडा कोण वाहतंय तेही बघा.

आता आजी, बारीक ठेवायचं का? मुळीच नाही. दिल्लीत १९६९ पासून जन्मलेल्या मुलांचा असाच मोठा पाठपुरावा झाला, २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तिशीच्या आसपास ज्यांची साखर बिघडली ती मुलं लहानपणी गुटगुटीत नव्हती, उलट दोन वर्षांपर्यंत बारीकच होती. मात्र त्यानंतर लवकर अंग धरायला लागली आणि वाढत गेली, तेव्हाही लठ्ठ म्हणावीत इतकी नव्हती. म्हणजे पहिल्या दोन वर्षांत बाळाने बाळसं धरावं म्हणून तुम्ही जे करता ते योग्यच आहे, आईचं दूध, सहा महिन्यांनंतर घट्ट खिमट, नाचणी, डाळ, तूप, अंडं, सगळं घाला, उंची आणि डोक्याचा घेर पण वाढू द्या. जपायचं ते तीन-चार वर्षांनंतर. तेव्हा अजून बारीकच आहे म्हणून बिस्किटं, गोड दूध, केक, चिप्स यांचा मारा करायचा नाही, खेळायला सोडायचं.

शिरूरकर७६

आमच्या पंचक्रोशीतल्या अभ्यासाचं इथे वाचून आनंद झाला. आमच्याकडच्या बायकांची वजनं, बाळांची वजनं घ्यायला लोक घरोघर यायचे, ती पोरं आता तिशीला आली तरी तपासणीला बोलावतात. आमच्या घरात पाणी आणायचं काम गरोदर बाईकडे राहू नये एवढं तरी त्यातून आमचे लोक शिकले.

कोकणकन्या२३

आहारवेल ताई फार छान लिहिलंत. म्हणजे वहिनीसाठी आता काही करता येईल का? सातवा महिना लागलाय.

आहारवेल

आत्ता करण्यासारखं आहेच, बी१२ ची रक्ततपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या, विशेषतः घरी शाकाहार असेल तर, लोह-कॅल्शियम वेळेवर, दुपारी आडवं होणं, जड काही उचलायचं नाही. पण खरं सांगू, सातव्या महिन्यात सुरू करून मोठा फरक पडत नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये एक प्रयोग झाला, बायकांना रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ द्यायचे, गरोदर राहायच्या आधीपासून. ज्यांनी निदान तीन महिने आधीपासून खाल्लं त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅम जास्त भरलं, आणि खाऊ खाणाऱ्या गटात गरोदरपणातल्या डायबिटीसचं प्रमाण बरंच कमी होतं. म्हणून लग्नाच्या वयाच्या मुलींचं, नव्या सुनांचं ताट आधी भरलं पाहिजे, दिवस राहिल्यावर डोहाळजेवणात भरून काय होणार.

केतकीबन

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, आहारवेल, आज कितीतरी गोष्टींचा उलगडा झाला.

गोळी देणाऱ्या आयांसाठी माझ्याकडून हे. कमी वजनाच्या बाळाला थायरॉईडच्या गोळीबरोबर लोहाचे आणि कॅल्शियमचे ड्रॉप्स पण चालू असतात, आणि हे दोन्ही गोळी शोषूच देत नाहीत. आमची गोळी चालू असूनही पुढच्या तपासणीत टीएसएच हवं तसं उतरलं नव्हतं, तेव्हा डॉक्टरांनी वेळा विचारल्या आणि अंतर पाडून दिलं. आता सकाळी उठल्यावर चमच्यात गोळी चुरून आईच्या दुधाच्या थेंबांत, आणि ड्रॉप्स दुपारनंतर, मध्ये निदान चार तास. दुधाच्या बाटलीत घालू नका, बाळ अर्धी बाटली सोडतं आणि अर्धी गोळी त्यातच जाते. सोयाच्या पावडरचं दूध असेल तर डॉक्टरांना सांगा. आणि डोस वजनावर असतो त्यामुळे बाळ वाढलं की डोस बदलतो, तपासणी चुकवू नका.

डॉक्टर, हे औषध आयुष्यभर आहे का हे मात्र सासूबाई रोज विचारतात.

बालडॉक_सातारा

अजून सांगता येत नाही. लवकर जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळांत हा प्रकार तात्पुरता असण्याची शक्यता बरीच असते. ग्रंथी जागेवर असेल आणि डोस फार वाढवावा लागला नसेल तर तीन वर्षांचा झाल्यावर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली गोळी काही आठवडे थांबवून बघतात. तीन वर्षांपर्यंत मात्र मनाने एक दिवसही बंद करायची नाही, कारण मेंदूची वाढ याच काळात होते. सासूबाईंना सांगा की हे औषध शरीरात असायलाच हवं तेच हार्मोन आहे, बाहेरचं काही नाही.

गोदाकाठ_९

उशिरा वाचतोय. आमची मुलगी २ किलो १०० ची, ३६ आठवड्यांची, आज १८ दिवसांची आहे, पहिली टेस्ट नॉर्मल. दीड महिन्याच्या लसीला जाणारच आहोत तेव्हाच दुसरं सॅम्पल दिलं तर चालेल का? दवाखाना घरापासून लांब आहे म्हणून विचारतो.

बालडॉक_सातारा

नाही दादा, तोपर्यंत थांबू नका. सहा आठवडे म्हणजे फार उशीर झाला. याच आठवड्यात करून घ्या, गावाजवळच्या कुठल्याही चांगल्या लॅबमध्ये शिरेतून टीएसएच आणि फ्री टी४ केलं तरी चालेल, टाचेचं कार्डच हवं असं नाही. रिपोर्टवर लॅबचा जो नॉर्मल आकडा छापलेला असतो तो बऱ्याचदा मोठ्या माणसांचा असतो, त्यामुळे स्वतः अर्थ लावू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना जन्माची फाइल आणि वजन लिहिलेलं माता-बाल कार्ड बरोबर घ्या.

गोदाकाठ_९

ठीक आहे डॉक्टर. उद्या सकाळीच सिन्नरला घेऊन जातो, आकडे आले की इथे टाकतो.